बॉल पायथन खात नाही: घाई कुठे करायची आणि हात कुठे आवरायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिन्यांचा बॉल पायथन (पाळला जाणारा लहान जातीचा अजगर) घरी आणून सहा आठवडे झाले. आधीच्या मालकाने सोबत दिलेला ताजा माऊस (लहान जातीचा उंदीर) त्याने तिसऱ्या दिवशी खाल्ला आणि त्यानंतर पाच आठवडे तोंडाला काही लावलेलं नाही. पूर्वी तो जिवंत माऊस खायचा. तुम्ही आता गोठवलेला, साधारण 50 ग्रॅमचा रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) देताय, दर दोन-तीन दिवसांनी, वेगळ्या डब्यात नेऊन. टाकी चार फुटी काचेची, आत लपायला एक मोठं बीळ. रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं हातात घेता. वजन 310 ग्रॅमवरून 296 वर आलंय, आणि आता तोंड उघडून भरवावं का, असं विचारताय.

भरवू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुमच्या काळजीत खरं तर दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. साप धोक्यात आहे का, हा एक. तो खात का नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वजनकाटा देतो, दुसऱ्याचं टाकी देते. आपण बहुतेक वेळा पहिल्याच्या भीतीने दुसऱ्यावर नको ते उपाय करत सुटतो, आणि दर दोन दिवसांनी उंदीर नाचवणं हा त्यातला सगळ्यात नेहमीचा उपाय.

आधी धोक्याचं बघू. 310 मधून 14 ग्रॅम गेले म्हणजे साडेचार टक्के. या आकाराच्या सापाने एकदा शी केली आणि सोबत युरेटचा (घट्ट झालेल्या लघवीचा) पांढरा गोळा टाकला, तरी काटा बऱ्यापैकी खाली येतो, त्यामुळे यातली सगळी घट अंगाची नाही. मूळ वजनाच्या 10 टक्के घट ही माझी सावध होण्याची रेषा. तुमच्यासाठी ती 279 ग्रॅम, म्हणजे 280 लक्षात ठेवा. तोवर श्वास, तोंड आणि अंग ठीक असेल तर वेळ आहे. वजन 1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर, झाकणाच्या डब्यात ठेवून, दहा ते चौदा दिवसांनी एकदाच करा. रोज वजन केलं की आकडे वरखाली होतात, तुमचा जीव टांगणीला लागतो आणि सापाला आणखी एकदा उचललं जातं.

किती उपास चालतो हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. दीड किलोची धडधाकट मादी चार-पाच महिने न खाता काढते आणि काट्यावर फारसा फरक दिसत नाही. वयात आलेले नर थंडीच्या किंवा विणीच्या काळात महिनोन्‌महिने तोंड फिरवतात. 800 ते 1000 ग्रॅमच्या आसपास कित्येक साप काही काळ अडून बसतात. अंडी भरत असलेली मादी खात नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले की आठ-दहा दिवस बहुतेक सगळेच नको म्हणतात. पण 60-70 ग्रॅमच्या नवजात पिल्लाला ही चैन परवडत नाही. त्याच्याकडे साठाच नसतो. तुमचा साप या दोन टोकांच्या मधे आहे. 300 ग्रॅमचा, अजून वाढीचा साप एरवी भुकेला असायला हवा. म्हणजे ऋतूचं कारण शोधण्यात अर्थ नाही, कारण घरातच आहे.

आता दुसरा प्रश्न. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवस तो उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात घालवतो आणि रात्री बाहेर पडतो, नाहीतर बिळाच्या तोंडाशीच दबा धरतो. घाबरला की डोकं मधोमध घालून अंगाचा चेंडू करतो. नाव त्यावरूनच पडलंय. असा प्राणी गिळत असतो तेव्हा सगळ्यात हतबल असतो. तोंड भरलेलं, चावता येत नाही, पळता येत नाही, आणि हे दहा-वीस मिनिटं चालतं. आजूबाजूला काही गडबड आहे असं वाटलं की तो पहिल्यांदा जेवण सोडतो. नुसतं सोडत नाही, गिळलेलं ओकूनही टाकतो, कारण जड पोटाने पळता येत नाही. त्यामुळे या सापाच्या बाबतीत उंदराआधी बिळाकडे बघायचं असतं.

तुमच्या बिळापासूनच सुरुवात करू. मोठं बीळ म्हणजे चांगलं बीळ, असं माणसाला वाटतं. सापाचा हिशोब उलटा असतो: गुंडाळी करून बसल्यावर पाठ छताला आणि कडा भिंतींना टेकल्या पाहिजेत, आणि आत जायला एकच तोंड हवं. अशी दोन बिळं घ्या, शक्यतो एकसारखी, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच बीळ असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो दर वेळी सुरक्षितता निवडतो. मग थंड कोपऱ्यात बसून राहतो, पचनाला लागणारी ऊब मिळत नाही आणि भूक मरते. उलटी ठेवलेली, कड कापून दार केलेली अपारदर्शक प्लास्टिकची वाटीसुद्धा चालते. दिसायला गरीब, पण सापाला आवडते. चार फुटी टाकी बदलायची गरज नाही. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून गडद कागदाने झाका, मधल्या मोकळ्या पटांगणात सुकी पानं, साली, प्लास्टिकच्या वेली, पुठ्ठ्याच्या नळ्या टाका. एका बिळातून दुसऱ्यात जाताना त्याला उघड्यावर यावं लागू नये, इतकी दाटी हवी.

तापमानाचे आकडे: गरम बाजूचा पृष्ठभाग 31 ते 33 अंश सेल्सिअस, थंड बाजू 25 ते 27, आणि रात्रीसुद्धा 24 च्या खाली नको. काचेला चिकटवलेल्या गोल काट्याच्या मापकावर विसंबू नका, ते काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतं आणि तेही अंदाजे. तारेच्या टोकाला सेन्सर असलेलं डिजिटल थर्मामीटर गरम बिळाच्या आत, साप जिथे पोट टेकतो तिथे ठेवा. हीट मॅट (टाकीखाली ठेवायची तापणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या उपकरणाशिवाय, लावली असेल तर आज रात्रीच बंद करा. ती काचेला 45 अंशांच्या पुढे सहज नेते, आणि साप तळाशी अंथरलेला भुसा उकरून थेट काचेवर जाऊन बसतो. म्हणून भुशाच्या वर मोजून भागत नाही. भुसा बाजूला सारून काचेवरही मोजा. तिथे 34-35 च्या वर जाऊ देऊ नका. आर्द्रता 60 ते 70 टक्के, कात टाकायच्या वेळी 75-80. कोरड्या हवेत कात तुकड्यातुकड्यांनी निघते, श्वासमार्ग कोरडा पडतो आणि साप खाण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. नारळाचा भुसा खालच्या थरात ओलसर, वरून कोरडा ठेवला तर हे जमतं. रोज फवारा मारत बसावं लागत नाही. रात्री टाकीत अंधार हवा, लाल बल्बसुद्धा नको. ऊब हवी असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरा, जाळीच्या बाहेर आणि थर्मोस्टॅटला जोडून.

वेगळ्या डब्यात नेऊन खायला घालायची पद्धत सोडा. टाकीतच खायला दिलं तर साप चावरा होतो, हातालाच उंदीर समजतो, अशी समजूत फार पसरली आहे. प्रत्यक्षात त्याला उचलायच्या आधी साप हाताळायच्या आकड्याने (हुकाच्या काठीने) किंवा गुंडाळलेल्या कागदाने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श केला की आत्ता जेवण नाही, हे त्याला कळतं, आणि तेवढं पुरतं. डब्यात नेताना मात्र तुम्ही त्याला बिळातून ओढता, उजेडात आणता, अनोळखी वासाच्या जागी सोडता आणि वर जेवण्याची अपेक्षा करता. एखाद्याने खाल्लंच तर भरल्या पोटी परत उचलून टाकीत ठेवावं लागतं, आणि ओकण्याची शक्यता तिथेच वाढते.

हाताळणी पूर्ण बंद. पाणी बदलणं आणि घाण काढणं एवढंच. हे अवघड जातं, कारण आणलेला साप बघायचाही नाही म्हणजे काय! पण तुमच्या सापाला सहा आठवड्यांत सलग दोन दिवससुद्धा शांतता मिळालेली नाही: रोज हातात, दर दोन-तीन दिवसांनी उंदीर, त्यासाठी डब्याची वारी. आता त्याच्या लेखी उंदराचा वास म्हणजे काहीतरी त्रास होणार, अशी खूणगाठ बसली असेल. ती सुटायला वेळ द्यावा लागतो. टाकी वर लिहिल्याप्रमाणे लावा, एकदा वजन करा आणि पूर्ण चौदा दिवस काहीही देऊ नका. पाच आठवडे उपाशी असलेल्या सापाला आणखी दोन आठवडे काही द्यायचं नाही, हे ऐकायला क्रूर वाटतं. पण 296 ग्रॅमच्या, विश्रांती घेणाऱ्या सापाचं दोन आठवड्यांत सहसा थोडेच ग्रॅम वजन उतरतं. अजगरांची आतडी दोन जेवणांच्या मधे आक्रसून जवळजवळ बंद पडतात आणि पोटात भक्ष्य गेलं की पुन्हा वाढतात. उपासासाठीच बांधलेलं शरीर आहे ते.

दोन आठवड्यांनी काय द्यायचं? रॅट नाही, माऊस. मराठीत दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, पण सापासाठी त्यांचा वास वेगवेगळा आहे आणि तुमचा साप माऊस ओळखतो. रॅटवर वळवणं हा पुढच्या वर्षीचा विषय. शिवाय 50 ग्रॅम म्हणजे त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त. नियमित खाणाऱ्या, या वजनाच्या सापाला 10 टक्के, म्हणजे 30 ग्रॅम ठीक. उपास सोडताना मात्र 5-6 टक्के, म्हणजे 15 ते 18 ग्रॅमचा छोटा माऊस घ्या. लहान भक्ष्याची भीती कमी, गिळायला वेळ कमी, आणि आक्रसलेल्या आतड्यांवर भार कमी.

आता उंदीर तयार करणं. गोठवलेलं न खाणाऱ्या सापांपैकी बऱ्याच जणांची तक्रार इथेच असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आदल्या रात्री माऊस झिपच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सहा-आठ तासांत तो मऊ पडतो. ओट्यावर दिवसभर पडू देऊ नका, पोटातले जंतू वाढतात. मायक्रोवेव्ह नको: बाहेरून थंड आणि आतून शिजलेला उंदीर मिळतो, किंवा पोट फुटतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून 40-45 अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा. स्वयंपाकाची भांडी वापरू नका, यासाठी एक भांडं कायमचं वेगळं काढा. उकळतं पाणी घेतलंत तर पोटाची कातडी सुटते आणि चिमट्यात धरताच आतडी बाहेर येतात. पंधरा मिनिटांनी पिशवीवरूनच पोट चिमटीत दाबून बघा. आत सुपारीसारखं काही टणक लागलं तर अजून बर्फ आहे. पाणी बदलून आणखी दहा मिनिटं.

मग माऊस बाहेर काढून कागदी टॉवेलने पुसा आणि केस फुलेपर्यंत हेअर ड्रायरने वाळवा. ओला उंदीर लवकर थंड पडतो आणि त्याला चिकटलेला भुसा तोंडात जातो. हे काम टाकीजवळ केलंत तर वास आत पोचतो आणि वीस मिनिटांत साप बिळाच्या तोंडाशी आलेला दिसू शकतो. अगदी शेवटी ड्रायर फक्त डोक्यावर वीस-तीस सेकंद धरा. या सापाच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. अंधारात उबदार ठिपका कुठे आहे आणि पकडायचं कुठे, हे तो त्यावरून ठरवतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डोक्यावर 38-40 अंश दिसले पाहिजेत. माऊस छोटा असल्याने ही ऊब दोन-तीन मिनिटांत उतरते, त्यामुळे ड्रायर बंद केल्यावर टाकीचं झाकण शोधत बसू नका, आधीच उघडून ठेवा.

खोलीत अंधुक उजेड ठेवा, घरातली वर्दळ थांबवा. निदान 30 सेंटिमीटर लांबीच्या चिमट्याने माऊस खांद्यांच्या मागे धरा, म्हणजे डोकं पुढे राहील. वरून आणू नका. वरून येतात ते शिकारी पक्षी. जमिनीलगत, बिळाच्या तोंडापासून पाच-सहा सेंटिमीटरवरून, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, उंदीर आपल्याच वाटेने चाललाय असं वाटेल इतक्या सावकाश न्या. दोन पावलं चालवा, थांबा. सापाच्या अंगावर चालून जाणारा उंदीर निसर्गात नसतो, आणि नाकावर उंदीर आपटणं म्हणजे त्याला बिळात ढकलणं. हात स्थिर ठेवा आणि सापाकडे बघा.

जीभ सावकाश, लांब बाहेर येत असेल, डोकं उंदराच्या मागे वळत असेल आणि मानेचा इंग्रजी एससारखा बाक होत असेल तर तो आलाय. आता काहीही बदलू नका, श्वाससुद्धा हळू घ्या. त्याने झेप घेतली आणि विळखा घातला की चिमटा सोडा आणि हात तिथेच थांबवा. झटकन मागे घेतलात तर तो शिकार टाकेल. विळख्यात तो दहा मिनिटंही नुसता पडून राहतो. मग डोकं शोधतो, कधी चुकून मागच्या पायाकडून सुरुवात करतो आणि परत सोडतो. मदत करू नका. झाकण लावा, दिवा घालवा, खोलीबाहेर जा.

डोकं आत ओढून अंगाचा गोळा केला, फुत्कारला किंवा तोंड मिटूनच धडक मारून मागे झाला, तर ती भीती आहे. तिथल्या तिथे थांबा. नुसतंच कुतूहल दिसलं, जवळ आला, नाकाने वास घेतला आणि मागे सरकला, तर डोकं थंड पडलं असण्याची शक्यता मोठी. एकदा, फार तर दोनदा पुन्हा ऊब देऊन प्रयत्न करा. तरीही नाही तर माऊस बिळाच्या तोंडाशी, सपाट फरशीच्या तुकड्यावर, डोकं आतल्या बाजूला करून ठेवा आणि दिवा घालवून झोपा. लाजरे साप पहाटे गुपचूप खातात. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या. परत गोठवू नका.

यानंतर आठ ते दहा दिवस काही नाही. लोक इथेच घसरतात: आज नाही म्हणाला, उद्या देऊन बघू. प्रत्येक नकार त्याला नकाराची सवय लावतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही हेच, याच पद्धतीने. तीन नकारांनंतर एक गोष्ट बदला. एका वेळी एकच, नाहीतर कशाने काम झालं ते कधीच कळणार नाही. तुमच्या बाबतीत पहिला बदल म्हणजे ताजा मारलेला माऊस, कारण ते त्याला ओळखीचं आहे. त्याने तो दोन-तीनदा घेतला की मग वितळवलेला द्या, पण तसाच गरम आणि कोरडा. त्यानंतर वास. माऊसला बिनवासाच्या साबणाने धुऊन वाळवा आणि ज्या भुशात जिवंत माऊस किंवा जर्बिल (उंदरासारखाच एक छोटा प्राणी) राहिलेत, त्या भुशाच्या पिशवीत अर्धा तास ठेवा. कोंबडीच्या पिल्लाची पिसं चोळूनही काही साप खातात. यात नवल नाही: जंगलात लहान वयाच्या बॉल पायथनच्या आहारात पक्षी बरेच असतात. पण या वासांची चटक लागते आणि मग साधा उंदीर नको होतो, म्हणून मी हा उपाय शेवटी ठेवतो. कवटीला सुईने छोटं छिद्र पाडून मेंदूचा ओलावा नाकाशी आणणं हा आणखी एक जुना उपाय. दिसायला ओंगळ, पण वासावर चालणाऱ्या सापाला तो पटकन कळतो. पिल्लांसाठी छोट्या, हवेची भोकं असलेल्या डब्यात साप आणि मेलेला उंदीर रात्रभर एकत्र ठेवण्याची युक्ती चालते. तो डबा टाकीतच, उबदार बाजूला ठेवायचा. वरच्या वेगळ्या डब्याच्या आक्षेपाशी हे विसंगत वाटेल, पण इथे डबा म्हणजे अगदी घट्ट, अंधारं बीळ असतं आणि जेवण झाल्यावर त्याला उचलायचं नसतं. झाकण काढून ठेवायचं.

जिवंत उंदीर पुन्हा द्यावा का, हा प्रश्न येणारच. माझं मत नको असं आहे. न खाणाऱ्या सापाच्या टाकीत सोडलेला उंदीर काही तासांत भुकेला आणि बेचैन होतो, आणि चेंडू करून बसलेला साप स्वतःचा बचाव करत नाही. पाठीच्या कण्यापर्यंत कुरतडलेले साप डॉक्टरांकडे येतात. दुसरा काही मार्गच उरला नसेल तर तुम्ही समोर बसून, हातात चिमटा घेऊन, फार तर पंधरा मिनिटं. टाकीत सोडून झोपायला कधीच जायचं नाही.

हे सगळं निरोगी सापाबद्दल झालं. आजारी सापावर टाकी लावून उपयोग नसतो. नाकाशी किंवा तोंडाशी फेस, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, डोकं वर करून तोंड उघडं ठेवणं: यांपैकी काही दिसलं तर श्वसनमार्गाचा संसर्ग समजा आणि चौदा दिवस वाट बघू नका. हिरड्यांवर पिवळसर पापुद्रा किंवा लाल ठिपके असतील तर तोंड दुखतंय, तो खाणार कसा? पाण्याच्या भांड्यात काळे बारीक दाणे, हनुवटीच्या खवल्यांखाली किंवा डोळ्यांच्या कडेला हलणारे ठिपके म्हणजे गोचिडासारखे माइट्स. गिळलेलं वारंवार ओकणं किंवा पोटाच्या मध्यावर टणक सूज असेल तर शी तपासून घ्या; जंत आणि क्रिप्टोस्पोरिडियम (एक सूक्ष्म परजीवी) दोन्ही त्यात बघतात. पाठीचा कणा वर येऊन अंग त्रिकोणी दिसणं, कातडीला सुटलेल्या घड्या, खोल गेलेले डोळे या उशिराच्या खुणा आहेत. डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेलेच हवेत, आणि सोबत वजनांची वही, तापमानाचे आकडे आणि शक्य असेल तर ताजी शी न्या. एक अपवाद सांगतो: स्पायडर नावाच्या रंगप्रकारात जन्मतःच मानेचा तोल बिघडलेला असतो, नेम चुकतो. तो खात नाही असं वाटतं, पण त्याला शिकार सापडत नसते. त्याला उंदीर न हलवता, जवळ, स्थिर धरून द्यावा लागतो.

आता भरवण्याबद्दल. यात दोन गोष्टी आहेत आणि त्या एक समजू नयेत. पिल्लाचं तोंड हलकेच उघडून लहान पिंकीचं (केस न आलेल्या, नवजात उंदराच्या पिल्लाचं) डोकं दातांवर टेकवायचं आणि पुढचं गिळणं त्याच्यावर सोडायचं, याला आधार देणं म्हणतात. जन्मानंतरची पहिली कात टाकून सहा-आठ आठवडे उलटलेल्या, एकदाही न खाल्लेल्या पिल्लासाठी ते कधीकधी करावं लागतं, आणि पहिल्यांदा जाणकाराच्या हाताखालीच. घशात ढकलणं किंवा नळीने पातळ अन्न सोडणं हा दुसरा प्रकार, आणि तो डॉक्टरांचा. घरी करताना अन्ननलिका फाटते, दात तुटून तोंड पिकतं किंवा श्वासनळीत अन्न जातं. जिभेच्या मागे उघडणारं श्वासनळीचं तोंड एकदा नीट पाहिलं की भीती का बाळगायची ते कळतं. यातून वाचलेला सापही उंदीर आणि माणूस दोघांनाही घाबरायला शिकतो, आणि पुढचे नकार आणखी घट्ट होतात. साडेचार टक्के घटीवर हे करायचं काहीच कारण नाही.

तर तुमचा क्रम असा लागतो: आज टाकी, बिळं, थर्मोस्टॅट आणि एक वजन, चौदा दिवस शांतता, मग रात्री 15-18 ग्रॅमचा गरम, कोरडा माऊस टाकीतच, नकार आला तर दर वेळी आठ-दहा दिवसांचं अंतर, तीन नकारांनंतर एकेक बदल, आणि काटा 280 ला टेकला किंवा वरची एखादी खूण दिसली तर मधेच सगळं थांबवून डॉक्टर. आधीच्या मालकाला फोन करून उंदराचा आकार, दिवस आणि वेळ विचारा. साप दुपारी खायचा की रात्री, टाकी होती की अंधारा प्लास्टिकचा डबा, एवढ्या माहितीने कधीकधी एक महिना वाचतो. तो अंधाऱ्या डब्यात वाढला असेल तर काचेच्या टाकीत आणखी दाटी करा.

आणि त्याने खाल्लं की त्या आनंदात लगेच दुसरा उंदीर देऊ नका. निदान 48 तास उचलू नका, फोटोसाठीही बीळ उघडू नका. पुढचं जेवण सात ते दहा दिवसांनी, तेवढंच छोटं. त्यानंतरचं 20-25 ग्रॅमचं, आणि तेही पचून शी नीट आली की 30. ओकलाच तर दहा-चौदा दिवस पोटाला पूर्ण विश्रांती, पाणी भरपूर, आणि परतीचं जेवण आधीच्या निम्मं. सलग तीन जेवणं पोटात टिकली की हाताळणी सुरू करा, आठवड्यातून दोनदा, पाच-दहा मिनिटं, आणि जेवणानंतरचे दोन दिवस तसंच डोळे दुधाळ असतानाचे दिवस वगळून.